शनिवारी न हलणारी स्कूटर

मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो, आणि तोंडावर पडलेली आहे. हे मी चेष्टेनं सांगत नाही. माझं पुढचं मडगार्ड चेपलंय, हँडल वाकडं झालंय आणि हेडलाइटच्या जागी नुसती खोबण उरलीय. रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमी लागते. तिथल्या एका घराच्या पडवीत मी भिंतीला टेकून उभी असते. घर रेबेका अष्टमकर वकिलांचं. लोक त्यांना वकीलबाय म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांच्या वकिलीची हकिगत मी सांगायची, कारण त्या जिथं जिथं गेल्या तिथं मीच त्यांना नेलं. फक्त कोर्टाच्या पायरीशी मला थांबावं लागायचं.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी पेणच्या दुकानात आले आणि काचेमागं ऐटीत उभी राहिले. एक दिवस धोतर-कोटातले एक मास्तर आले, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि दुकानदाराला म्हणाले, "हीच द्या." ते वकीलबायचे वडील, एझ्राबाबा. पोरीला नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती. नातेवाईक हसले. "लग्नाच्या पोरीला सोनं करायचं सोडून मास्तर लोखंड घेतायत!" एझ्राबाबा म्हणाले, "सोनं कपाटात बसतं. माझ्या पोरीला फिरायचंय." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

हे लोक इथलेच, मित्रांनो. घरात मराठीच बोलतात, धर्मानं यहुदी. त्यांचे वाडवडील या भागात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. बाकीची घरं एकेक करून इस्राएलला गेली. बापलेक मागं राहिले. घाणा गेला, पण शनिवार राहिला. शुक्रवारी दिवेलागणीला वकीलबाय फोन बंद करून कपाटात ठेवायच्या आणि माझी चावी त्याच्या शेजारी. मग शनिवारी मला कुणी हात लावायचा नाही. कोर्टातले शिपाई, पोलीस, पुलावरचे भाजीवाले, साऱ्या रोह्याला हे ठाऊक होतं. "आज वकीलबायची गाडी मुकी," असं पोरं ओरडायची.

बाकीच्या दिवशी मात्र मला उसंत नसायची. सुरुवातीला एका वीटभट्टीवर कातकऱ्यांची काही कुटुंबं डांबून ठेवली होती. त्यातली बायजा नावाची बाई तान्हं पोर पोटाशी धरून रानातून पळाली आणि आमच्या दारात येऊन बसली. वकीलबायनं तिला विचारलं, "गाडीवर बसशील?" ती म्हणाली, "कदी बसले नाय, पन बसते." तहसील कचेरीपर्यंत तिनं वकीलबायची कंबर अशी आवळली होती की उतरल्यावर बाईंना धड उभं राहता येईना. ती सगळी माणसं सुटली. मग आमच्या दाराला कुलूप असं राहिलंच नाही. कुणाला देवळात येऊ देत नाहीत, कुणाची वरात गावातून जाऊ देत नाहीत, कुणाला पाणवठ्यावरून हाकलतात, असं काही झालं की लोक म्हणायचे, वकीलबायला सांगा. दसऱ्याला माझ्या हँडलला चार-चार हार पडायचे. मीही जरा चढून गेले होते, खोटं कशाला बोलू?

पण हार घालणारे हात असतात तसे दुसरेही असतात. माझ्या चाकाखाली खिळे यायला लागले. एकदा टाकीत कुणी साखर ओतली. रोह्यातल्या आदेशनं मला खोलून, धुऊन, पुन्हा जिवंत केलं. आदेशचं गॅरेज पुलाच्या तोंडाशी होतं. दर रविवारी सकाळी वकीलबाय मला त्याच्याकडं न्यायच्या. ब्रेक, क्लच, हवा, सगळं तो स्वतः बघायचा. "बाय, हिला जपा गो. ही गेली तर तुमी चालत जाल, नि तुमी चालत गेलात तर समदे आनंदानं पेढे वाटतील," असं म्हणून हसायचा. त्याचा हात मी डोळे मिटून ओळखायचे. म्हणजे डोळा होता तेव्हा.

आता त्या गावाचं सांगते. गाव धरमतरच्या खाडीकाठी आहे. नाव घेणार नाही, कारण तिथं तुमच्याएवढी लेकरं राहतात. तिथली भातशेती खाडीला लागून. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध घातलेला. उधाणाच्या भरतीला तो बांध फुटला की घरटी एक माणूस टोपली घेऊन धावतं. हा तिथला नियम. वैरी असला तरी धावायचं, कारण पाणी काही सातबारा बघून आत शिरत नाही.

त्या गावात गुणाजी आणि त्याची बायको रंभा राहायची. पंचायतीची निवडणूक आली. गावकीनं, म्हणजे गावातल्या पुढाऱ्यांच्या बैठकीनं, देवळात ठरवून टाकलं की निवडणूक होणार नाही, आम्ही सांगू तीच माणसं बिनविरोध. रंभानं तरीही बायकांच्या जागेवर अर्ज भरला. गावकीचा मुख्य हैबतराव. तो म्हणाला, अर्ज मागं घे. रंभा म्हणाली, "का घेऊ? माजं नाव यादीत हाय, तुमचं बी हाय." झालं! त्या रात्री देवळात नारळ फुटला आणि गुणाजीचं घर वाळीत पडलं.

वाळीत म्हणजे काय, हे मी तिथं गेले तेव्हा पाहिलं. कुणी मारत नाही, शिवी देत नाही. नुसतं बघत नाही. आम्ही गावात शिरलो आणि माझा आवाज ऐकून एकेक दार लागत गेलं. ओटीवर भात पाखडणाऱ्या बाया सुपं उचलून आत गेल्या. दुकानदार गुणाजीला मीठ देईना. मासेवाली त्याच्या दारावरून पाटी झाकून जायची. शिमग्याची पालखी त्याच्या अंगणापाशी आली आणि न थांबता पुढं गेली. जो बोलेल त्याला दंड, त्याचंही घर वाळीत.

रंभा बाहेर येऊन वकीलबायला म्हणाली, "गाडी मागल्या दाराला लावा गो बाय. दिसंल कुनाला."

"दिसू दे की," वकीलबाय म्हणाल्या. "दिसावी म्हणूनच दारात लावलीय."

मला तेव्हा अभिमान वाटला. भीतीही वाटली. समोरच्या माडाखाली दोन माणसं उभी होती आणि ती वकीलबायकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती.

त्यानंतर मोठं उधाण आलं. बांधाला खेकड्यांची बिळं पडलेली होती. नेमका गुणाजीच्या शेताशी बांध खचला. गुणाजी आणि रंभा टोपल्या घेऊन धावली, घसा फोडून हाका मारल्या. गाव आलं, मित्रांनो. सगळं गाव आलं. त्यांनी गुणाजीच्या शेताच्या अलीकडं आडवा बांध घातला, आपली शेतं वाचवली आणि टोपल्या झटकून घरी गेले. वकीलबाय पोचल्या तेव्हा गुणाजीच्या पिकात खारं पाणी गुडघाभर उभं होतं. एकदा खारं शिरलं की पुढं किती तरी पावसाळे भात धड येत नाही. गुणाजी बांधावर बसून राहिला होता. "मानसं इतकी गप कशी ऱ्हातात, बाय?" एवढंच तो विचारत होता. परतताना वकीलबाय माझ्यावर बसून रडल्या, हेही मी सांगून टाकते. त्या फार रडणाऱ्या नव्हत्या.

वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. पेणच्या कोर्टात खटला उभा राहिला. पण गावकीनं असा हुकूम दिला होता हे सांगणार कोण? गावात कुणाला विचारलं की एकच उत्तर, "आमाला काय ठाव नाय." शेवटी गिरणीवाली चंद्रावती एकदा बाजारात वकीलबायच्या कानाशी लागली. ती विधवा बाई, गिरणीवर तिचं पोट. ती म्हणाली, "हैबतराव माज्या गिरनीवर येऊन बोलला, गुनाजीचं दळान घेतलंस तर तुजी गिरनी बंद. मी रंभाला परत लावली गो. ती डोक्यावर तांदूळ घेऊन तशीच गेली. मला तवापास्नं जेवान गोड लागत नाय. मी सांगते कोर्टात." सोमवारी तिची साक्ष ठरली. एवढ्या मोठ्या खटल्याचा सगळा भार त्या एका बाईच्या शब्दावर होता.

आणि मग तो शनिवार आला.

दुपारी गल्ली पेंगत होती. एझ्राबाबा आणि वकीलबाय आत होते. फाटक वाजलं आणि आदेश पडवीत आला. मला वाटलं, आज कसा काय हा? मग दिसलं, फाटकाबाहेर ती माडाखालची दोघं उभी होती. आदेश माझ्यापाशी उकिडवा बसला. त्याच्या बायकोचं, नूतनचं, माहेर त्याच गावातलं.

"सासऱ्याचं घर वाळीत टाकायचं काय?" फाटकाबाहेरून एकानं हळूच विचारलं. "नाय ना? मग कर बिगी बिगी."

आदेशनं पाना लावला. आधी मागच्या ब्रेकचा नट अर्धा सोडला, मग पुढच्याचा. पूर्ण नाही, अर्धाच. हलका दाबला तर ब्रेक लागेल, जोरात दाबला तर केबल निसटेल, इतपत. मग तो माझ्या कानाशी, म्हणजे आरशाशी, पुटपुटला, "आज काय त्या तुला बाहेर काढनार नायत. उद्या रवार. उद्या सकाळी माज्याकडंच येशील. मी परत आवळतो. कुनाला कळनार नाय." त्यानं त्या दोघांना दाखवण्यापुरतं केलं होतं. त्याचा हिशोब त्याच्या परीनं चोख होता. शनिवार म्हणजे अख्खा शनिवार, असं तो धरून चालला होता. त्याला कोण सांगणार की या घरातला दिवस संध्याकाळी बदलतो? आभाळात तीन तारे दिसले की यांचा शनिवार संपला.

मला तोंड असतं तर मी गल्ली जागी केली असती. पण देवानं मला हॉर्न दिला आणि तो वाजवायला दुसऱ्याचं बोट दिलं.

तीन तारे दिसले. वकीलबायनं कपाट उघडलं, फोन सुरू केला आणि उभ्याच राहिल्या. चंद्रावतीनं सकाळपासून फोनवर फोन केले होते. शेवटी तिनं निरोप बोलून ठेवला होता. वकीलबायनं तो एझ्राबाबांना मोठ्यानं ऐकवला. "बाय, हैबतराव नि त्याची मानसं सकाळधरनं गिरनीत बसलीत. काय बोलत नायत. नुसती बसलीत. मला भ्या वाटतंय गो. तुमी या."

"उद्या उजाडल्यावर जा," एझ्राबाबा म्हणाले. "पोलिसांना सांग."

"पोलिसांना सांगते आणि जातेही," वकीलबाय म्हणाल्या. "दिवसभर ती मला हाका मारत होती, बाबा. आणि मी आत बसून होते."

त्यांनी मला सवयीप्रमाणं एका अंगावर तिरकी केली, सरळ केली, किक मारली. मी सुरू होईना. मी मुद्दाम सुरू झाले नाही, मित्रांनो! जेवढा हट्ट करता येतो तेवढा केला. दुसरी किक, तिसरी किक. पण माझं इंजिन आदेशनंच इतकं छान ठेवलं होतं की शेवटी ते बेइमान झालं आणि धडधडायला लागलं.

अष्टमीतल्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागत होते. बाईंना शंका आली नाही. पुढं भिसे खिंड आहे. चढ आम्ही चढलो. उतार लागला, पहिलं वळण आलं आणि बाईंनी ब्रेक जोरात दाबला. केबल निसटली. बाईंनी पुढचा दाबला. तोही गेला. त्या एकदाच "अगं!" म्हणाल्या, जणू मीच काही खोडी केली होती. त्यांनी खटाखट गिअर उतरवले. माझ्यात होता नव्हता तेवढा जोर मी मागं ओढला. दरीकडं न जाता आम्ही डोंगराच्या अंगाला आदळलो. माझा डोळा तिथंच फुटला. बाईंचा पाय माझ्याखाली होता आणि मला बाजूला होता येत नव्हतं. कलिंगडं घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं थांबून त्यांना उचललं. माझ्या वजनाची मला तेवढी लाज कधी वाटली नव्हती.

पुढचं मी पाहिलं नाही. वकीलबाय नंतर पडवीत बसून एझ्राबाबांना सांगत होत्या, तेव्हा ऐकलं. त्या रात्री पोलिसांची गाडी गिरणीवर गेली, हैबतरावानं त्यांना चहा पाजला, गाडी परत आली. चंद्रावतीला सकाळी कळलं की वकीलबाय खिंडीत पडल्या. सोमवारी ती पेणच्या कोर्टात उभी राहिली. तिनं रंभाकडं पाहिलं नाही. "मला काय ठाव नाय, साहेब," म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून खाली उतरली. रंभा जागेवरून ओरडली, "चंद्राक्का, माज्याकडं बघ तरी!" पण ती गेली. आता गिरणीला कुलूप आहे. कोलाडला बहिणीकडं राहते म्हणतात.

मग एक दिवस आदेश आमच्या फाटकातून आत आला. वकीलबायचा पाय प्लास्टरमध्ये होता. तो माझ्याकडं बघेना. पडवीच्या पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं. उद्याचा रविवार, अर्धा नट, सगळं. सांगताना तो लहान पोरासारखा हुंदके देत होता.

वकीलबाय म्हणाल्या, "हे कोर्टात सांगशील?"

"सांगतो."

"तुला अटक होईल. आणि मला तुझी वकील होता येणार नाही. मीच फिर्यादी आहे."

"ठाव हाय. नूतनला सांगून आलोय."

"ती काय म्हणाली?"

"म्हनाली, एका घरात तरी बोलनारं मानूस असूदे."

आदेशनं साक्ष दिली. कुणी सांगितलं, काय धमकी दिली, कुठं उभे राहिले, नावानिशी. हैबतराव त्या दिवशी पहिल्यांदा बाकावर नीट बसला, असं वकीलबाय म्हणाल्या. त्याला अटक झाली, जामीनही झाला. आदेशचंही तसंच. खटला अजून चालू आहे. वकीलबाय काठी टेकत तारखेला जातात आणि रंभा त्यांच्या शेजारी बसते. तुम्हाला वाटेल, चला, गाडी रुळावर आली. मलाही काही दिवस तसंच वाटलं.

पण हल्ली काही तरी होतंय, मित्रांनो. आदेशच्या गॅरेजात गिऱ्हाईक येत नाही. तो सकाळी शटर वर करतो, संध्याकाळी खाली ओढतो. मला दुरुस्त करून देतो म्हणाला, पण सुट्या भागांचा दुकानदार त्याला म्हणतो, माल संपलाय. आमच्या गल्लीतला दूधवाला शेजारच्या घरापर्यंत येतो आणि वळतो. परवा वकीलबाय कोर्टात जायला निघाल्या. समोर रिक्षा रिकामी उभी होती. त्यांनी हात केला. रिक्षावाला हँडलकडं बघत म्हणाला, "गाडी रिकामी नाय, बाय." रिकामी नाही! मागची सीट उन्हात चकाकत होती. बाई काठी टेकत, थांबत थांबत पुलावरून रोह्याला चालत गेल्या. इथं कुणी सभा घेतली नाही, नारळ फोडला नाही. खाडीकाठचं ते पाणी कोणत्या बिळातून इथवर आलं, मला समजत नाही. मला फार भीती वाटते.

म्हातारी गाडी शेवटी काय मागणार? मला पुसा, तेल घाला, भंगारात देऊ नका, असंच ना? ते नको मला. गंजले तर गंजले. मला दुसरंच मागायचंय. तुम्हाला एखाद दिवशी घरचंच कुणीतरी, मायेनंच, सांगेल, "त्या घराकडं जायचं नाय." तेव्हा मान डोलावू नका. "का?" म्हणून विचारा. मोठ्यानं विचारा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. बांधात बीळ दिसलं की तिथंच मूठभर माती घालायची असते, गुडघाभर पाणी झाल्यावर नाही.

शेजारची सुरभी रोज शाळेतून आली की माझ्या सीटवर चढून खोटी खोटी गाडी चालवायची. पेणला जाऊन यायची, रोह्याला जाऊन यायची. चार दिवस झाले, ती आलेली नाही. आत्ता ती फाटकाची कडी धरून उभी आहे आणि माझ्याकडं बघतेय. तिची आई ओट्यावरून हाक मारतेय, "सुरभी, मागं फिर. तिकडं जायचं नाय." सुरभीनं कडी अजून सोडलेली नाही, पण तिनं अजून काही विचारलेलंही नाही.